युद्धाच्या प्रदेशात मध्यस्थी करणारा धर्मगुरू: त्याच्या कामाचे स्वरूप नेमके काय असते?

चौलची वाट (प्रश्न)

आमच्या चौल-रेवदंडा भागातील वाचनालयात दरमहा एका विषयावर चर्चा होते आणि या वेळी ‘धर्म आणि शांतता’ हा विषय मांडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. तयारी करताना बगदादच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये 2005 ते 2014 या काळात धर्मगुरू असलेल्या कॅनन (चर्चमधील एक पदवी) अँड्र्यू व्हाइट या इंग्लिश अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील, गृहस्थांची माहिती वाचनात आली. त्यात बॉम्बस्फोट, अपहरणे आणि धाडस यांचे वर्णन पुष्कळ आहे. पण हा माणूस दिवसभर नेमके काय करीत असे, ते मात्र हाती लागत नाही.

विचारण्यास कारणही आहे. गणपती आणि मोहरम लागून आले की आमच्या पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते आणि मी अनेक वर्षे तिला जातो. मौलाना येतात, मंडळांचे अध्यक्ष येतात, कधी कोर्लईचे ख्रिस्ती ज्येष्ठही येतात. सलोख्यावर भाषणे होतात, चहा होतो आणि सर्व जण घरी जातात. ज्यांच्यामुळे खरोखर तणाव होतो, ती मुले तेथे कधीच नसतात. व्हाइट यांचे काम म्हणजे याचीच मोठी आवृत्ती होती, की ते काही निराळे होते? शिवाय ज्या देशाचे सैन्य इराकमध्ये शिरले, त्याच देशाच्या धर्मगुरूवर इराकी माणसाने विश्वास का ठेवावा?

खांदेरीचा दीप

आपल्या प्रश्नातच उत्तराची सुरुवात आहे. भले लोक युद्धे घडवीत नाहीत, म्हणून केवळ भल्या लोकांशी बोलून युद्ध थांबत नाही, अशी व्हाइट यांची भूमिका होती. त्यामुळे ज्यांच्या शब्दावर बंदुका उचलल्या जातात किंवा खाली ठेवल्या जातात, अशा धर्मनेत्यांपर्यंत पोहोचणे, त्यांच्या घरी जाऊन जेवणे, एकाचा निरोप दुसऱ्याला पोहोचवणे आणि हे वर्षानुवर्षे न कंटाळता करीत राहणे, हेच त्यांच्या दिवसाचे मुख्य काम होते. भाषणाला त्यात फारसे स्थान नव्हते.

त्यांची पार्श्वभूमी पाहिल्यास हे अधिक समजते. धर्मगुरू होण्यापूर्वी ते लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शस्त्रक्रियागृहातील भूल विभागात काम करीत. 1998 मध्ये ते कॉव्हेंट्री कॅथेड्रलच्या सलोखा केंद्राचे प्रमुख झाले आणि त्याच वर्षी त्यांना मल्टिपल स्क्लेरॉसिस हा मज्जासंस्थेचा आजार असल्याचे निदान झाले. पुढची सर्व धावपळ त्यांनी तो आजार अंगावर घेऊन केली. कॉव्हेंट्रीचे ते प्रार्थनामंदिर 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झाले होते. तेथील प्रमुख धर्मगुरूंनी त्याच्या भिंतीवर ‘पित्या, क्षमा कर’ एवढेच शब्द कोरून घेतले आणि क्रुसावरील येशूच्या ‘पित्या, त्यांना क्षमा कर’ या उद्गारातील ‘त्यांना’ हा शब्द जाणूनबुजून वगळला. क्षमेची गरज फक्त शत्रूला नाही, आपल्यालाही आहे, असा त्याचा अर्थ. व्हाइट या परंपरेतून आले होते.

आता प्रत्यक्ष उदाहरण घ्या. जानेवारी 2002 मध्ये इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे यहुदी, मुस्लिम आणि ख्रिस्ती धर्मनेत्यांनी पवित्र भूमीतील हिंसाचाराविरुद्ध एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. अध्यक्षस्थानी कँटरबरीचे आर्चबिशप जॉर्ज कॅरी आणि कैरोच्या अल-अझहर या सुन्नी इस्लामी विद्यापीठाचे प्रमुख शेख तंतावी होते. पडद्यामागची जुळवाजुळव करणाऱ्यांत व्हाइट होते. काही आठवड्यांतच, 2 एप्रिलला, बेथलेहेमच्या जन्ममंदिरात (येशूच्या जन्मस्थानी उभे असलेले चर्च) सशस्त्र पॅलेस्टिनींनी आश्रय घेतला आणि इस्रायली सैन्याने मंदिराला वेढा दिला. तो वेढा 39 दिवस चालला. वाटाघाटींत व्हाइटही होते आणि अलेक्झांड्रियात जुळलेल्या ओळखी तेथे उपयोगी पडल्या. शेवटी 13 जण परदेशात आणि 26 जण गाझात पाठवले गेले, तेव्हा तो सुटला. न्याय झाला असे कोणत्याच बाजूला वाटले नसावे, पण मंदिरातील बहुतेक माणसे जिवंत बाहेर आली.

विश्वासाबद्दल म्हणाल, तर तो सेंट जॉर्जच्या आवारातील दवाखान्याने मिळवला असे मला वाटते. तेथे विनामूल्य उपचार होत आणि रुग्णांमध्ये मुस्लिम मोठ्या संख्येने असत. ज्याने तुमच्या आईला औषध दिले, त्याचा निरोप तुम्ही निदान ऐकून तरी घेता.

सागरगड

वरील उत्तर उत्तम आहे, परंतु त्याने मर्यादा झाकल्या जाऊ नयेत. व्हाइट यांनीच सांगितलेला प्रसंग आहे की त्यांनी ‘इस्लामिक स्टेट’च्या एका म्होरक्याला जेवायला बोलावले, तेव्हा येईन पण तुमचे मुंडके कापीन, असे उत्तर आले. ज्याला समोरच्याचे अस्तित्वच मान्य नाही, त्याच्याशी मध्यस्थी कशी करणार? 2014 च्या उन्हाळ्यात उत्तर इराकमधील मोसुल आणि काराकोश येथील ख्रिस्ती लोकसंख्या परागंदा झाली आणि त्या वर्षाच्या अखेरीस कँटरबरीच्या तेव्हाच्या आर्चबिशपांच्या सांगण्यावरून व्हाइट यांनाही बगदाद सोडावे लागले. पुढे त्यांनी या कामासाठी स्थापन केलेल्या संस्थेच्या पैशांच्या वापरावर प्रश्न उभे राहिले आणि 2016 मध्ये ते त्या संस्थेतून बाहेर पडले. एका माणसाच्या ओळखींवर उभे राहिलेले काम तो माणूस गेल्यावर कोण चालवणार, हा प्रश्न मला त्या पैशांपेक्षाही मोठा वाटतो.

आपल्याकडचे उदाहरणही मांडणीत घ्यावे. 1964 मध्ये नागालँडमधील चर्चच्या पुढाकाराने जी शांतता मोहीम निघाली, तिच्यात जयप्रकाश नारायण आणि आसामचे मुख्यमंत्री चालिहा यांच्याबरोबर मायकेल स्कॉट हे इंग्लिश अँग्लिकन पाद्री होते. 6 सप्टेंबर 1964 पासून सरकार आणि नागा बंडखोर यांच्यात शस्त्रसंधी लागू झाली, हे मोठेच यश होते. पण स्कॉट नागांची बाजू घेतात, असा सरकारचा ग्रह झाला आणि 1966 मध्ये त्यांना देशाबाहेर पाठवण्यात आले. मध्यस्थाला दोन्हीकडून शिव्या खाव्या लागतात हे खरे. मात्र एका बाजूला तो आपला आणि दुसऱ्या बाजूला परका वाटू लागला, की त्याचे काम तेथेच आटोपते.

अलिबागचा शेजारी

एक लहानशी भर घालतो. आमच्या घरापासून इस्रायल आळी जवळ आहे आणि शनवार तेल्यांची, म्हणजे कोकणातील बेने इस्रायल यहुदींची, कुटुंबे इस्रायलला निघाली तेव्हा शेजारी कसे रडले, ते मी आजीकडून ऐकले आहे. बगदादचे यहुदी असे गेले नाहीत. 1950-51 मध्ये सुमारे 1,20,000 यहुदींना विमानांनी देशाबाहेर नेण्यात आले, आणि व्हाइट तेथे होते त्या काळात शहरात दहा यहुदीही उरले नव्हते. त्या मोजक्या वृद्धांची विचारपूस हा ख्रिस्ती धर्मगुरू करीत असे. सागरगड यांच्या आक्षेपाला हे उत्तर नव्हे, पण ज्यांच्याकडून काहीही मिळण्यासारखे नव्हते त्यांच्याकडेही तो जात होता, हे नोंदवायला हवे.

चौलची वाट

सर्वांचे आभार. मांडणीत अलेक्झांड्रिया आणि बेथलेहेम शेजारी ठेवीन, कारण पहिल्या ठिकाणी नुसत्या सह्या होत्या आणि दुसऱ्या ठिकाणी त्या सह्या करणाऱ्यांची ओळख कामाला आली. नागालँडचा भाग मला ठाऊक नव्हता. तो नक्की घेतो.

राहिली आमची समिती. पुढची बैठक गणपतीच्या आधी आहे. मिरवणुकीत डीजे लावणाऱ्या मुलांपैकी दोघांना आणि मोहल्ल्यातील क्रिकेट संघाच्या कप्तानाला बोलवावे, असे पत्र ठाणेदारांना लिहिले आहे. मौलानांनी होकार दिला; आमच्या मंडळाचे अध्यक्ष मात्र अजून विचार करतो म्हणतात.