तुडतुड्यांचे नमुने उसने द्यायचे की नाही? ‘फोटो पुरतो’ म्हणणाऱ्यांना उत्तर

टाचणी

परवा ‘कपाट क्रमांक सात’ यांनी लिहिलं की कीटकांचे नमुने टपालाने उसने देण्याची पद्धत आता बंद करावी. प्रत्येक टाइपचे, म्हणजे ज्यावरून जातीला नाव दिलं त्या मूळ नमुन्याचे, चांगले फोटो काढून ठेवावेत आणि त्याहून जास्त ज्याला हवं त्याने स्वतः संग्रहालयात येऊन बसावं. खाली बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. तिथेच दोन ओळी लिहायला बसले होते, पण उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा काढते.

माझा विषय डेल्फॅसिडी, तुडतुड्यांचं एक कूळ. दोन ते पाच मिलिमीटरचा जीव. पाठीवरून, बाजूने आणि समोरून असे तीन उत्तम फोटो तुम्ही पाठवलेत तर मागच्या पायाच्या नडगीला हलणारा काटा आहे एवढं दिसेल, म्हणजे कूळ बरोबर आहे हे कळेल. जात कळणार नाही. जात असते नराच्या पोटाच्या टोकाला. ते टोक सोडवायचं, दहा टक्के केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये) मऊ आणि पारदर्शक करायचं, मग ग्लिसरिनच्या थेंबात सुईने फिरवत बसायचं. एडीगसवर, म्हणजे नराच्या जननांगावर, डाव्या अंगाला किती दात आणि उजव्या अंगाला किती, हे फिरवल्याशिवाय मोजता येत नाही. फोटो कसा फिरवू?

निलापर्वता (एन.) या प्रजातीचंच, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचंच बघा. भातावरचा तपकिरी तुडतुडा म्हणजे एन. लुगेन्स. लीर्सिया गवतावर एन. बाकेरी सापडतो, शिवाय एन. मुइरी आहेच. वरून पाहिलं तर तिघं सख्खी भावंडं, जननांग पाहिलं की तीन वेगळ्या जाती. लुगेन्सला स्वीडिश कीटकशास्त्रज्ञ स्टोलने १८५४ मध्ये नाव दिलं. त्या काळातली वर्णनं म्हणजे रंग, लांबी आणि लॅटिनमधल्या चार ओळी. त्यांवरून आज कोणी जात ठरवून दाखवावी. मूळ नमुना हातात घेतल्याशिवाय आमचं काम पुढे सरकत नाही. ही हौस नाही, कामाची गरज आहे.

आणि ‘स्वतः येऊन बसा’ म्हणणं सोपं आहे. एका प्रजातीच्या पुनरावलोकनाला आठ-दहा संग्रह बघावे लागतात. तेवढा प्रवास कोणाला परवडतो?

कपाट क्रमांक सात

माझं नाव घेऊन धागा काढलात, तेव्हा उत्तर देणं आलं.

२०१७ साली पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने ब्रिस्बेनच्या वनस्पतिसंग्रहाला शंभराहून अधिक वाळवलेले नमुने उसने पाठवले. एकोणिसाव्या शतकातले, त्यांत टाइपही होते. कागदपत्रांत त्रुटी निघाली, पत्रव्यवहार चुकीच्या पत्त्यावर गेला आणि जैवसुरक्षा अधिकाऱ्यांनी सगळे नष्ट केले. पार्सलवर किंमत लिहिली होती २ डॉलर. न्यूझीलंडहून आलेल्या दगडफुलांच्या नमुन्यांचीही तीच गत झाली. या घटनेची तुम्ही भरपाई कशी करणार?

हे जगजाहीर उदाहरण झालं. माझं ऐका. पंधरा वर्षांपूर्वी आमच्याकडून गेलेला एक डबा परत आला. आतली एकच टाचणी सुटली होती. एकच. पण ती वाटभर डब्यात फिरली आणि शेजारच्या चाळीसेक कीटकांचे पाय, मिशा, पंख झाडून नेले. तळाशी भुसा जमला होता. त्या भुशातून कोणता पाय कोणाचा हे मी आठवडाभर शोधत होतो. चिठ्ठ्या मात्र जागच्या जागी, खाली कीटक नसलेल्या. त्या दिवशी ठरवलं, पुरे झालं.

आणि न परतलेल्या डब्यांचं काय? कर्जनोंदीत अजून असे डबे आहेत की ज्यांनी नेले ते निवृत्त झाले, काही वारले. स्मरणपत्रं ज्यांना जातात ते कळवतात की आम्हाला काही माहीत नाही.

ग्लिसरिनकुपी

टाचणीताई, तुमचं मूळ म्हणणं पटतं. पण सातक्रमांक सांगत नाहीत ती एक गोष्ट मी सांगते. नमुना परत येतो तेव्हा त्याचं पोट कुठे असतं? मी एका मोठ्या संग्रहातून सोळा नर मागवले होते. सोळापैकी सहांना पोटच नव्हतं. आधी कोणीतरी कापून नेलं, कुपी लावली नाही, चिठ्ठीवर नोंद नाही. होलोटाइपचं, म्हणजे जातीच्या नावाचा आधार असलेल्या एकमेव टाइपचं, पोट गेलं की तो नमुना फक्त नावाचा धनी उरतो, जात सांगू शकत नाही. उसनं देणं बंद करू नका. पोट कापल्यावर ते ग्लिसरिनच्या कुपीत घालून त्याच टाचणीला खोवायची सक्ती करा.

बाल्सम

कुपीची सक्ती? कृपा करून नको. बूच वाळतं, ग्लिसरिन झिरपून टाचणी गंजते, कधी कुपी निसटून डब्यात गडगडते. वर ज्या सुट्या टाचणीची कथा आहे तेच काम सुटी कुपीही करते. कॅनडा बाल्सममध्ये, म्हणजे पारदर्शक राळेत, केलेली स्लाइड शंभर वर्षांनंतरही उघडून बघता येते. मी बघितल्या आहेत, आजही स्वच्छ दिसतात.

ग्लिसरिनकुपी

स्वच्छ दिसतात, पण काय दिसतं? काचेखाली चपटा केलेला एडीगस. एकाच बाजूने कायमचा चिकटलेला. ज्याने स्लाइड केली त्याला जी बाजू महत्त्वाची वाटली तीच पुढच्या सगळ्या पिढ्यांनी बघायची. मी अशाच एका स्लाइडवरून दात मोजले, चार. नंतर त्याच जागेच्या दुसऱ्या नराला ग्लिसरिनमध्ये फिरवलं तर पाचवा दात मागे लपलेला. तोवर निबंध छापून झाला होता. दुरुस्ती माझ्या नावाने छापावी लागली. मला सांगू नका स्लाइड किती टिकते.

बाल्सम

म्हणजे चूक मोजणाऱ्याची आणि दोष बाल्समचा? एका नरावरून दातांची संख्या जातीचं लक्षण म्हणून लिहिलीत हीच मुळात घाई होती. दात कमी-जास्त असतात, पाच-सहा नर बघून लिहायचं असतं.

ग्लिसरिनकुपी

पाच-सहा नर? मिळालेच दोन! एक तुमच्यासारख्याच कोणीतरी काचेत चिणलेला. शिकवू नका.

बाल्सम

‘तुमच्यासारख्या’ म्हणजे कोणासारख्या? तीस वर्षं स्लाइड करतोय. माझ्या हातून एकही पोट हरवलेलं नाही. तुमच्या कुप्यांबद्दल छातीठोकपणे हेच सांगाल?

ग्लिसरिनकुपी

नाही सांगणार. दोन हरवल्या आहेत. पहिल्याच वर्षी, केओएचच्या वाटीतून चिमट्याने उचलताना. आजही आठवलं की पोटात खड्डा पडतो. पण म्हणून चपटं करणं बरोबर ठरत नाही.

लीर्सियाकाठी

तुम्ही दोघं पोटावरून भांडताय, आणि मी शेतात बसून बघतो की पोटही पुरत नाही. भातावरचे लुगेन्स आणि लीर्सियावर राहणारे लुगेन्ससारखे दिसणारे तुडतुडे यांत जननांगांवरून ठाम फरक करता येत नाही. फरक आहे तो नर-मादी एकमेकांना खोडातून जी कंपनं पाठवतात त्यांत. १९८० च्या दशकातच हे दाखवून झालंय. मेलेला तुडतुडा काही बोलत नाही. माझी तक्रार अशी की सगळा निधी कपाटांकडे जातो आणि जिवंत कीटक ऐकणाऱ्याला साधं उपकरण मिळत नाही.

टाचणी

लीर्सियाकाठी, तुमचं दुःख खरं आहे. पण ज्या कीटकाची कंपनं तुम्ही नोंदवलीत त्याला शेवटी नाव कुठल्या टाइपवरून देणार? पुन्हा कपाटच.

ग्लिसरिन-बाल्सम वाद खूप झाला. दोघांनाही विनंती, मूळ मुद्द्यावर या.

बाल्सम

मूळ मुद्दा हाच आहे. नमुना घेऊन त्याचं काय करणार हे ठरल्याशिवाय तो द्यावा की नाही हे कसं ठरणार? निदान एवढं म्हणतो, टाइपचं पोट असेल तर कुपी चालेल. पुढच्या माणसाला फिरवून बघता यायला हवं, ते मान्य. बाकी माल मी स्लाइडच करणार.

दूरचा विद्यार्थी

मी अजून शिकतोय, चुकलं तर सांगा. माझ्याकडे व्हिसा नाही, प्रवासाचा निधी नाही. मार्गदर्शकांच्या संस्थेच्या नावाने पत्र गेलं म्हणूनच एका संग्रहाने मला सत्तावीस नमुने पाठवले. ते आले नसते तर माझा प्रबंधच झाला नसता. सातक्रमांक सर, ब्रिस्बेनचं तुम्ही सांगितलंत. पण २ सप्टेंबर २०१८ ला रिओचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं तेव्हा कीटकांचा जवळजवळ सगळा संग्रह गेला, आणि बाहेर अभ्यासाला गेलेले नमुने वाचले. एका छताखाली सगळं ठेवणं हाही धोकाच नाही का?

शिवाय डार्विनने १८३२ मध्ये अर्जेंटिनातल्या बाहिया ब्लांकाला पकडलेला एक भुंगेरा लंडनहून उसन्या मागवलेल्या नमुन्यांत सापडला आणि २०१४ मध्ये नवी प्रजाती, नवी जात म्हणून नोंदला गेला. तो इतकी वर्षं संग्रहातच होता. नाव मिळालं ते उसना गेल्यावर, तो गट जाणणाऱ्या माणसाच्या टेबलावर.

कपाट क्रमांक सात

रिओचं उदाहरण मी विसरलो नव्हतो. त्या रात्री मी झोपलो नाही. पण आगीतून वाचावेत म्हणून कोणी नमुने टपालात टाकत नाही.

तरी विद्यार्थ्याचा मुद्दा लागला. सत्तावीस नमुन्यांवर प्रबंध उभा राहिला असेल तर ‘सगळंच बंद’ हे माझं वाक्य टोकाचं होतं. मागे घेतो. होलोटाइप मात्र अजूनही टपालाने देणार नाही, त्यावर ठाम आहे. कोणी आलं तर जागा, सूक्ष्मदर्शक, वेळ, सगळं देईन. बाकी माल देईन, पण अटींवर. पत्र संस्थेचं हवं, एकट्या माणसाचं नको. प्रत्येक नमुन्याच्या दोन्ही बाजूंना आधाराच्या टाचण्या. डब्यात डबा, मध्ये फोम. पोट सोडवायची परवानगी आधी लेखी. कुपी त्याच टाचणीला. जुनी चिठ्ठी काढायची नाही, आपली ओळख-चिठ्ठी तिच्या खाली. मुदत एक वर्ष, वाढवायची तर मुदतीआधी कळवायचं.

टाचणी

होलोटाइप मादी असेल आणि पोट कधी कोणी उघडलंच नसेल तर? मग तुमचे इतर नर घेऊन मी काय सिद्ध करणार?

कपाट क्रमांक सात

तर त्याच ठिकाणच्या, त्याच तारखेच्या चिठ्ठीचे नर मागा. असतील तर पाठवेन. नसतील तर या. याहून पुढे मी जाणार नाही.

टाचणी

ठीक. पटलेलं नाही, पण यावर काम करता येईल. संस्थेचं पत्र सोमवारी पाठवते.

जुना दराज

इतका वेळ फक्त वाचत होतो. सातक्रमांक यांनी न परतलेल्या डब्यांचं लिहिलं ते वाचून काल आमच्या दिवंगत सरांचं कपाट उघडलं. मागच्या कप्प्यात डबा आहे, झाकणावर दुसऱ्या संग्रहाचा कर्जक्रमांक, तारीख १९८३. यादीत एकोणीस टाचण्या. आत एकोणीस टाचण्या आहेत, कीटक अठरा. दोघांची पोटं सुटून तळाशी पडली आहेत, कोणाची ते कळत नाही. चिठ्ठ्या सगळ्या शाबूत. सर असं करणारे नव्हते, शेवटची वर्षं त्यांना दिसत नव्हतं. आता इतक्या वर्षांनी काय तोंडाने पाठवू?

कपाट क्रमांक सात

पाठवा. आहे तसं पाठवा. सुटलेली पोटं एका कुपीत घाला आणि चिठ्ठीवर ‘सुटी, कोणाची माहीत नाही’ एवढंच लिहा, अंदाजाने कोणाला जोडू नका. रिकामी टाचणीही चिठ्ठीसकट राहू द्या. ज्यांचा डबा आहे त्यांना आधी पत्र लिहा आणि यादीचा फोटो जोडा. कोणी रागावणार नाही. असं पत्र कधी येईल याची वाट मी स्वतः तीन डब्यांसाठी बघतोय.