एप्सम ओक्सला पहिल्यांदा जातेय, फिलीजच्या रेसमध्ये काय बघून लावायचं?

नीलम_रेडिंग
नमस्कार मंडळी, यंदा ऑफिसच्या ग्रुपबरोबर लंडनजवळच्या एप्सम रेसकोर्सला जायचं ठरलंय, डर्बीच्या आदल्या दिवशी म्हणजे शुक्रवारी, ओक्स (तीन वर्षांच्या फिलीजची, म्हणजे तरुण घोड्यांची मादी, मोठी रेस) असते तेव्हा. लहानपणी बाबांबरोबर महालक्ष्मीला गेलेय त्यामुळे विन, प्लेस, टोट, पॅडॉक (रेसआधी घोडे फिरवून दाखवतात ती जागा) एवढं कळतं पण इथलं बरंच वेगळं दिसतंय. ऑफिसमधले सगळे एकच सांगतात, न्यूमार्केटची १००० गिनीज (फिलीजचीच आधीची मोठी रेस) जिंकलेली फिली पळत असेल तर डोळे मिटून तिच्यावर लाव. मला काही ते पटत नाही, कारण गिनीज एक मैलाची आणि ओक्स दीड मैलाची, आणि २०२५ ला डेझर्ट फ्लॉवरचं काय झालं ते टीव्हीवर बघितलंय, एकही रेस न हरलेली, गिनीज जिंकून आलेली, फेवरेट (म्हणजे जिच्यावर सगळ्यात जास्त पैसे लागलेले), आणि आली तिसरी. मग बघायचं तरी काय? ओक्सच्या आधीच्या ट्रायल, म्हणजे तालमीच्या रेसेस तर ढीगभर आहेत, चेस्टर, यॉर्क, लिंगफील्ड, न्यूमार्केट, त्यातली कुठली खरी मानायची? चाळीस पाउंड वेगळे काढून ठेवलेत, गेले तर गेले, पण जॉकीच्या शर्टाचा रंग बघून लावायचे नाहीयेत. टिप नको, तुम्ही घोडी कशी निवडता ते सांगा.

क्रॉयडनकर
नीलमताई, प्रश्न एकदम बरोबर विचारलात. मी दरवर्षी जातो, घरापासून जवळच आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी कोर्स समजून घ्या, कारण एप्समसारखा कोर्स दुसरीकडे नाही. महालक्ष्मी सपाट आणि उजव्या हाताची, एप्सम डाव्या हाताचा आणि अक्षरशः डोंगर. सुटल्यापासून पहिला जवळजवळ अर्धा मैल नुसता चढ, सुमारे चाळीस मीटर वर जातात घोडे, मग उतार लागतो आणि त्या उतारावरच टॅटनहॅम कॉर्नरचं वळण येतं, तिथून साधारण साडेतीन फर्लांगचा स्ट्रेट (आठ फर्लांग म्हणजे एक मैल). बरं तो स्ट्रेट पण सरळ सपाट नाही, स्टँडकडची बाजू उंच आणि समोरची रेल खाली, त्यामुळे दमलेली घोडी आपोआप आतल्या रेलकडे घसरत जाते, आणि शेवटी विनिंग पोस्टच्या अलीकडे परत थोडा चढ. टीव्हीवर यातलं फारसं कळत नाही, प्रत्यक्ष रेलपाशी उभं राहून बघा, शेवटच्या दोन फर्लांगला निम्म्या फिलीज तिरक्या पळताना दिसतील आणि जॉकी चाबूक सोडून त्यांना सरळ ठेवायच्या मागे असतात.

म्हणजे प्रश्न दोनच. दीड मैल टिकेल का, आणि उतारावर तोल सांभाळेल का. ज्या फिलीबद्दल दोन्हीची उत्तरं हो येतात तिचा भाव बघायचा, बाकीच्या सोडून द्यायच्या. तीन वर्षांच्या या पोरी म्हणजे बहुतेक जणी आयुष्यात कधी दीड मैल पळालेल्याच नसतात, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर आईबापात शोधावं लागतं. बाप कोण हे सगळेच बघतात, मी आईकडे जास्त बघतो, तिची आधीची पोरं किती लांब पळाली ते. बापाच्या बाबतीत माणूस फसतो पण. फ्रँकेल स्वतः सव्वा मैलाच्या पुढे फारसा पळालाच नाही, तरी त्याच्या तीन मुली ओक्स जिंकल्या, २०१९ ला अॅनापुर्ना, २०२३ ला सोल सिस्टर आणि २०२५ ला मिनी हॉक.

आता ट्रायल. चेस्टरची चेशायर ओक्स मी सगळ्यात गंभीरपणे घेतो, कारण तो कोर्स म्हणजे लहानसा गोल, सतत डावीकडे वळत राहायचं, तिथे तोल नसलेली घोडी उघडी पडते. एनेबल २०१७ ला तिथूनच आली, मिनी हॉक पण तिथूनच. लिंगफील्डला उतारावरचं वळण आहे त्यामुळे ती पण एप्समची चांगली तालीम, अॅनापुर्ना तिथे जिंकून आली होती. यॉर्कची मुसिडोरा सपाट मोकळ्या कोर्सवर आणि अंतर कमी, सव्वा मैलाच्या थोडं वर, पण तिथे क्लास कळतो, स्नोफॉल आणि सोल सिस्टर दोघी मुसिडोरा जिंकून मग ओक्स जिंकल्या.

एक मात्र लक्षात ठेवा, ट्रायल किती लेंग्थनी (एक लेंग्थ म्हणजे घोड्याच्या लांबीएवढं अंतर) जिंकली यावर भाळू नका. २०२३ ला सेव्हदलास्टडान्स चेस्टरला चिखलात बावीस लेंग्थनी जिंकली, बावीस! सगळं जग तिच्यावर तुटून पडलं, ओक्सला फेवरेट म्हणून उतरली आणि सोल सिस्टरनी तिला आरामात मागे टाकलं. चिखलात बाकीच्या पळूच शकल्या नाहीत म्हणून ते अंतर वाढलं होतं, ती तेवढी मोठी घोडी होती म्हणून नाही.

सायली_लीड्स
क्रॉयडनकर, बाकी सगळं मान्य, पण गिनीजवाल्या फिलीजना एवढ्या सहज बाजूला करू नका हो. २०१६ ला माइंडिंग आणि २०२० ला लव्ह, दोघींनी गिनीज जिंकून ओक्स घेतली, आणि लव्ह तर नऊ लेंग्थनी. २०२२ ची ट्यूसडे गिनीजला तिसरी होती, आयरिश गिनीजला दुसरी आणि मग ओक्स जिंकली, ते पण बरोबर आपल्या तिसऱ्या वाढदिवशी, म्हणजे बाकीच्या फिलीज तिच्यापेक्षा चारपाच महिन्यांनी मोठ्या असतील आणि ही अजून वाढतच होती.

मला वाटतं गिनीजमध्ये पहिली कोण आली ते सोडा, शेवटच्या फर्लांगला कोण कशी पळत होती ते बघा. रिप्ले सगळीकडे मिळतो. न्यूमार्केटचा तो मैल एकदम सरळ असतो, शेवटी खळगा आणि मग चढ, तिथे ज्या फिलीला सुरुवातीला वेग जमत नाही, मागे पडते आणि चढावर मात्र एकेकीला गाठत येते, ती दीड मैलाची घोडी. जी आरामात पुढे जाऊन शेवटी थांबायला लागते ती मैलवालीच, तिचं नाव कितीही मोठं असो. नीलम, रिप्ले बघताना जिंकणारीकडे बघूच नकोस, चौथ्या पाचव्या नंबरावर नजर ठेव.

अजून एक. ट्रेनर ओब्रायनच्या तबेल्यातून तीन चार फिलीज उतरतात आणि लोक तबेल्याचा पहिला जॉकी रायन मूर कुणावर बसलाय एवढंच बघतात. एडन ओब्रायननी २०२५ पर्यंत ही रेस अकरा वेळा जिंकलीये, पण २०१२ ची वॉझ, २०१५ ची क्वालिफाय, २०२१ ची स्नोफॉल, या तिघींवर तबेल्याचा पहिला जॉकी नव्हता. स्नोफॉलच्या वेळी मूर सांता बार्बरावर होता, ती फेवरेट, आणि डेटोरी स्नोफॉलवर बसून सोळा लेंग्थनी जिंकला. तो या रेसचा रेकॉर्ड आहे. क्वालिफायचा भाव तर पन्नासला एक (एक पाउंड लावला तर पन्नास जिंकायचे) होता आणि तिनी हरवलं कुणाला, तर त्या वर्षीची गिनीज जिंकलेल्या लेगाटिसिमोला, शॉर्ट हेडनी, म्हणजे अगदी निसटत्या अंतरानी.

लोअरपरळ
मी कधी एप्समला गेलो नाही, आमचं सगळं महालक्ष्मी आणि पावसाळ्यात पुणे. पण फिलीज इथून तिथून सारख्याच, म्हणून पॅडॉकबद्दल लिहितो. बाळा, तू वडिलांबरोबर यायचीस म्हणतेस तर तुला आठवत असेल, आपल्याकडे जुने पंटर इंडियन १००० गिनीजच्या दिवशी पॅडॉकची रेल सोडत नाहीत, कारण घोड्यापेक्षा फिलीचा मूड त्या दिवशी कसा आहे याला फार महत्त्व. तीन वर्षांची पोर, एवढी गर्दी, एवढा आवाज, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर माजावर आलेली असेल तर तिचं लक्षच नसतं.

काय बघायचं ते सांगतो. मानेवर थोडा घाम चालतो, गरम दिवस असेल तर सगळ्यांनाच येतो. पण मागच्या पायांच्या मधे पांढरा फेस दिसला, शेपटी सारखी आपटतेय, सायसला दोन हातांनी ओढून धरावं लागतंय, तर तिची निम्मी ताकद रेसच्या आधीच गेली समज. मला आवडते ती कान पुढे करून, मान जरा खाली घेऊन, लांब ढांगा टाकत चालणारी, मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाच्या पुढे पडला पाहिजे. आणि दीड मैलाला फार गोल गरगरीत, भरलेल्या पुठ्ठ्याची घोडी मी घेत नाही, ती बहुतेक स्प्रिंटची. जरा लांबट, हाडकुळी वाटली तरी चालेल. एप्समला उतार आहे म्हणताय तर खांदा पण बघ, चालताना पुढचे पाय मोकळे पडतायत की आखडून टाकतेय. सरळ खांद्याची घोडी उतारावर धक्के खात उतरते.

आणि पॅडॉक बघून झाल्यावरच पैसे लाव. भाव थोडा कमी मिळाला तरी हरकत नाही.

नीलम_रेडिंग
काका, सायली, क्रॉयडनकर, खूप खूप आभार, एवढं सगळं मिळेल असं वाटलंच नव्हतं. आता रिप्ले बघायला बसते. फक्त पैशाचं एक सांगा, ईच वे म्हणजे आपलं विन आणि प्लेस एकत्र एवढंच का? आणि ऑफिसातला एक जण म्हणतो आत्ताच ऑनलाइन लावून टाक, भाव जास्त मिळतोय, रेसच्या दिवशी निम्मा होईल. लावू का?

क्रॉयडनकर
आत्ता लावू नका. त्याला अँटी पोस्ट म्हणतात, भाव मोठा दिसतो कारण घोडी पळेलच याची खात्री नसते. ती ऐनवेळी फ्रान्सच्या ओक्सला गेली, खोकली, लंगडली, काहीही झालं तरी तुमचे पैसे गेले, परत नाही. नॉन रनर नो बेट (घोडी पळाली नाही तर पैसे परत) असं स्पष्ट लिहिलं असेल तरच गोष्ट वेगळी. फायनल डिक्लेरेशन, म्हणजे कोण पळणार याची पक्की यादी, रेसच्या दोन-तीन दिवस आधी येते, त्यानंतर लावलं आणि घोडी निघाली तर पैसे परत मिळतात. दुसरी कुठली मोठी घोडी निघाली तर मात्र तुमच्या जिंकलेल्या रकमेतून थोडी कपात होते, रूल फोर म्हणतात त्याला, तेव्हा काउंटरवर भांडू नका, तो नियमच आहे.

ईच वे म्हणजे हो, दोन वेगळ्या बेट, अर्धे विनवर अर्धे प्लेसवर. पाच पाउंड ईच वे म्हणजे दहा पाउंड जातात. आठ किंवा जास्त घोडे पळाले तर पहिले तीन नंबर, आणि प्लेसला भावाचा पाचवा हिस्सा. समजा बाराला एकच्या घोडीवर पाच पाउंड ईच वे लावलेत आणि ती तिसरी आली, तर प्लेसचे बारा अधिक तुमचे पाच असे सतरा हातात येतात, म्हणजे दहाचे सतरा झाले. जिंकली तर ब्याऐंशी. तेच दोनाला एकच्या फेवरेटवर ईच वे लावलंत आणि ती दुसरी आली तर दहाचे सात येणार, म्हणजे घोडी प्लेस होऊन पण तुम्ही तीन पाउंड हरलात. म्हणून फेवरेटवर ईच वे कधीच नाही, लावायचं तर सरळ विन.

मला स्वतःला या रेसमध्ये मोठ्या भावाच्या घोडीवर ईच वे लावणं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, कारण अंदाज कुणालाच नसतो. २०११ ला डान्सिंग रेन, २०१२ ला वॉझ, २०१३ ला टॅलेंट, लागोपाठ तीन वर्षं वीसला एकची घोडी जिंकली. डान्सिंग रेनच्या वेळी तर तिचा जॉकी जॉनी मर्टा पहिल्यापासून पुढे गेला, वेग हवा तसा कमी ठेवला आणि मागच्यांना जाग येईपर्यंत रेस संपली होती. म्हणून पुढून पळणारी कोण आहे, आणि एकच आहे की तीन चार आहेत, हे पण बघून ठेवा. एकटीच असेल तर तिचा भाव कितीही असो, माझे पाच पाउंड तिच्यावर.

आणि घोडे मोजा बरं का. बरोबर आठच डिक्लेअर झालेत आणि एक ऐनवेळी निघाली, की सात उरले, मग प्लेसला दोनच नंबर मिळतात. २०२५ ला नऊच पळाल्या होत्या, त्यामुळे ही वेळ कधीही येऊ शकते.

सायली_लीड्स
याच्यात जोडते, शुक्रवारी सकाळी गोइंग बघ, म्हणजे कोर्सची जमीन किती मऊ (सॉफ्ट) किंवा कडक (फर्म) आहे ते. खडूचा डोंगर आहे त्यामुळे पाणी लवकर झिरपतं, पण रेसच्या जरा आधी सर आली तर चित्र पालटतं. २०१७ ला विजांसकट पाऊस झाला होता आणि त्यात एनेबलनी रोडोडेंड्रॉनला पाच लेंग्थनी मागे टाकलं, तरी वेळ मात्र रेकॉर्ड निघाली. ज्या फिलीचे सगळे चांगले नंबर सॉफ्टवर आहेत आणि त्या दिवशी गुड टू फर्म आहे, तिला सोड. आणि चाळीस पाउंड एकाच रेसवर घालवू नकोस गं, दिवसभर सात रेसेस असतात, ओक्सला वीस ठेव, बाकीचे हँडिकॅपला (चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकतात त्या रेसेस). मी तुझ्या जागी असते तर दोन घोड्या, दोन्ही पाच पाउंड ईच वे, एक चेस्टर किंवा लिंगफील्डहून आलेली आणि एक गिनीजला मागून पळत आलेली.

नीलम_रेडिंग
हे असंच करते. गाडी टॅटनहॅम कॉर्नरला जाते ना थेट? आणि कोर्सवरच्या बुकींकडे लावलं तर चालेल ना, मला ते फळ्यावरचे भाव बघत फिरायचंय.

क्रॉयडनकर
हो, लंडन ब्रिजहून टॅटनहॅम कॉर्नरची गाडी पकडा, स्टेशनातून बाहेर पडलात की समोर कोर्सच. परतीला तुफान गर्दी असते, शेवटच्या रेसच्या आधी निघता आलं तर निघा. बुकींकडे जरूर लावा, पण सगळ्यांच्या फळ्या बघून, शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांकडे एकाच घोडीचा भाव दहाला एक आणि बाराला एक असतो. ईच वे हवं तर आधी विचारा किती नंबर आणि कितवा हिस्सा, ते त्यांच्या फळीवर लिहिलेलं असतंच. घोडीचा नंबर मोठ्यानी सांगा, तिकीट हातात आल्यावर तिथेच उभं राहून नंबर, भाव आणि रक्कम तपासा, आणि रेस अधिकृत जाहीर होईपर्यंत तिकीट फेकू नका, फोटो फिनिश किंवा इन्क्वायरी लागली तर नंबर बदलू शकतात.