अण्णांनी मेटफॉर्मिन सोडून गुडमार धरलंय, कसं समजावू?

सेलूकर:
अण्णा ६४ वर्षांचे, शुगर निघून सात वर्षं झाली. मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ चालू होती. दिवाळीनंतर कुणीतरी आठवडी बाजारातून गुडमार आणि जांभळाच्या बियांची पूड आणून दिली, तेव्हापासून गोळी बंद. म्हणतात, "गोळ्यांनी किडन्या जातात, झाडपाल्यानं कुणाचं वाईट झालंय?" पूड घेतली की गूळ गोड लागत नाही, हा त्यांचा पुरावा. उपाशीपोटी १२८ असायची, काल १९४ आली. मी ओरडलो, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

लातूरची फार्मासिस्ट:
दादा, गूळ गोड लागत नाही हे खरंच आहे. गुडमारातली जिम्नेमिक आम्लं जिभेची गोडाची जाणीव थोडा वेळ बंद करतात. मी पान चावून साखर खाल्लीय, वाळू चावल्यासारखी लागली. पण ती जिभेची गोष्ट झाली. मेटफॉर्मिन यकृतातून रक्तात सुटणारी साखर आवरते, म्हणून गोळी सुटल्यावर सकाळचा आकडा चढला. ही गोळी किडनी खराब करत नाही. किडनी आधीच कमजोर असेल तर डोस कमी किंवा बंद करावा लागतो, त्यासाठी क्रिएटिनिन तपासतात. बरीच वर्षं घेतल्यावर बी-१२ जीवनसत्त्व मात्र कमी होऊ शकतं, तेही बघून घ्या.

आणि अण्णांना हे नक्की सांगा, मेटफॉर्मिनचं मूळही झाडपाल्यातच आहे. युरोपातल्या गॅलेगा वनस्पतीतल्या द्रव्यावरून हा शोध सुरू झाला. जाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी १९५७ मध्ये मेटफॉर्मिनचे मधुमेहावरचे निष्कर्ष छापले. गोळीत ५०० मिलीग्रॅम म्हणजे ५००च. पुडीत काय किती, ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

परभणीकर:
आमच्या मायनं ग्लिमेपिराइड या शुगरच्या दुसऱ्या गोळीसोबत अशीच पूड घेतली. पहाटे घामानं चिंब, हात थरथरतेत, मीटरवर ५२. शुद्धीवर होती म्हणून साखरपाणी पाजता आलं. डॉक्टर म्हणले, असल्या पुडीत कधी कधी शुगरचीच गोळी कुटून घातलेली सापडते. तुम्ही पुडी लपवू नका, डॉक्टरांना दाखवा.

सेलूकर:
ताई, गॅलेगाचं सांगितलं. अण्णांनी दोनदा नाव विचारलं, मग मोबाईलवर फुलाचा फोटो बघितला, जांभळट आहे. आमच्या डॉक्टरांना फोन लावून दिला, अण्णा स्वतः बोलले. रात्री भाकरी खाऊन गोळी घेतली. सोमवारी एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) आणि क्रिएटिनिनला नेतोय. पुडी त्यांनीच पिशवीत घातलीय.