अमाल्फीतली सावलीची वाट

उन्हाळ्यात इटलीतल्या अमाल्फी या किनाऱ्यावरच्या गावात चालायचं म्हणजे डोक्यावर ऊन आणि पायाखाली पायऱ्या, असं इथल्या भटकंतीबद्दल बरेच जण लिहितात. बोमेरानो ते नोचेल्ले या गावांमधल्या ‘देवांची वाट’ नावाच्या पायवाटेपुरतं ते पटतं, तिथे सावली फारच कमी. पण गावामागच्याच वाल्ले देल्ले फेर्रिएरे या दरीचा उल्लेख त्यांच्यापैकी कुणीच करत नाही! ओढ्याकाठची गर्द झाडी, छोटे धबधबे, कागद गिरण्यांचे आणि लोखंडाच्या कारखान्याचे पडके अवशेष. वुडवर्डिया रॅडिकन्स हे अतिप्राचीन काळापासून तग धरून राहिलेलं भलंमोठं नेचं इथे वाढतं. दरी १९७२पासून राखीव आहे.

दम वाचवायचा असेल तर बसने वरच्या स्काला गावाला जा आणि पोंतोने या वस्तीवरून दरीत उतरत अमाल्फीत या. ओल्या दगडांवर पाय घसरतो, तेव्हा सँडल नकोत, बूटच घाला.