"गाडी पळाली की दोन्ही बॅटऱ्या भरतात" हे नवीन लोकांना सांगणं बंद करा

ताम्हिणीकर:
काल ग्रुपवर एका नवीन थारवाल्याने विचारलं की फ्रीज आणि लाइटसाठी दुसरी बॅटरी लावायची तर ती चार्ज कशी करायची. त्याला मिळालेलं उत्तर जसंच्या तसं देतो: "मध्ये एक रिले टाक, गाडी पळाली की दोन्ही भरतात, डीसी-डीसी चार्जर म्हणजे निव्वळ लुटालूट." (रिले म्हणजे व्होल्टेज बघून दोन बॅटऱ्या जोडणारा-तोडणारा स्विच; डीसी-डीसी म्हणजे गाडीचं व्होल्टेज वर-खाली झालं तरी दुसरी बॅटरी ठरावीक व्होल्टेजने भरणारा चार्जर.) त्यावर पटापट अंगठे पडले. मला राहवलं नाही म्हणून लिहितोय, लांबेल, पण वाचा.

हाच सल्ला मीही ऐकला होता. मागच्या मे महिन्यात गुहागरला दोन रात्री मुक्काम, वडील सोबत, त्यांचं इन्सुलिन गाडीतल्या फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी पहाटे बघतो तर फ्रीज बंद, आत कोमट, आणि दुसऱ्या बॅटरीवर 11.4 व्होल्ट. बॅटरी आठ महिन्यांची होती हो! 75 एएच (अँपिअर-अवर, बॅटरीत किती साठतं त्याचं माप), म्हणजे एका रात्रीला सहज पुरायला हवी, फ्रीज दिवसभरात उन्हाळ्यात फार तर 40 एएच खातो. सकाळी आठला मेडिकलचं शटर वर जाईपर्यंत मी दारात उभा होतो, वडील काही बोलले नाहीत पण तो तास मी विसरणार नाही.

पुण्यात आल्यावर कळलं काय झालं होतं ते. माझं रोजचं जाणं येणं कोथरूड ते हिंजवडी. गाडी बीएस6, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांची. हिच्या आल्टरनेटरला (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, सांगतो की बॅटरी भरलीये, आता व्होल्टेज कमी कर, आणि तो 12.7 वर येऊन बसतो. रिले साधारण 13.3 ला जोडतो आणि 12.8 ला तोडतो. म्हणजे ताम्हिणी घाट चढताना रिले तुटलेला, उतरताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की व्होल्टेज 14.8 ला उडी मारतो तेव्हा दोन मिनिटं जोडलेला, परत तुटलेला. आठ महिने दुसरी बॅटरी अर्धीच राहिली. अर्धी राहिलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी म्हणजे प्लेटवर सल्फेट धरणार, ते कडक होणार, आणि मग तुम्ही कितीही चार्ज करा, 75 ची 40 झालेली असते.

त्यात वायर. मला बसवून दिली होती सहा स्क्वेअर एमएमची. बोनेटपासून डिकीपर्यंत पाच मीटर, परतीची तेवढीच, 25 अँपिअर ओढले की पाऊण व्होल्ट वाटेतच संपला. सोळा स्क्वेअर घेतली असती तर पाव व्होल्टवर भागलं असतं. पुण्यात तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रिक बाजारात दोन्ही मिळतात, पैशाचा फरक एका हॉटेलच्या जेवणाएवढा.

जुनी_जिप्सी:
आता माझं ऐक. 98 ची जिप्सी आहे, चौदा वर्षं कंटिन्युअस ड्यूटीचा सोलेनॉइड (कायम चालू ठेवता येणारा दणकट रिले) आहे मध्ये, डॅशवर एक स्विच, बस. आल्टरनेटर 14.2 देतो, थंडीत देतो, पावसात देतो, त्याला कुठला ईसीयू विचारायला येत नाही. राजमाचीच्या वाटेवर मेन बॅटरी बसली तेव्हा तोच स्विच दाबून दुसऱ्या बॅटरीवर सेल्फ मारलाय मी, तुझा डीसी-डीसीचा डबा हे करेल का? नाही करणार, तो एकाच दिशेने चालतो. वर तो बोनेटखाली ठेवला की तापतो आणि तापला की आपणहून चार्जिंग कमी करतो. वीस अँपिअरचा म्हणून घेतलेला एका मित्राच्या गाडीत मे महिन्यात अकरा देत होता, मी स्वतः क्लॅम्प मीटर लावून बघितलंय.

आणि राग मानू नकोस, तुझी बॅटरी रिलेने नाही मेली. हिंजवडीच्या ट्रॅफिकने मेली. तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू, दिवे चालू, आल्टरनेटर बिचारा कुणाकुणाला पुरणार.

ताम्हिणीकर:
काका, जिप्सीचं मान्य. जुन्या, ठरावीक व्होल्टेजच्या आल्टरनेटरला सोलेनॉइड चालतो, हे मी आधीच लिहायला हवं होतं. पण विचारणारा पोरगा 2024 च्या गाडीबद्दल विचारत होता, 98 च्या नाही. त्याला तुमचा अनुभव चिकटवला की त्याचं नुकसान होतं, हे तरी मान्य कराल?

वेल्हेवाली:
दोघंही अर्धं बोलताय. मी धायरीत गाड्यांच्या वायरिंगचंच काम करते, महिन्याला दोन-तीन तरी दुसऱ्या बॅटरीच्या गाड्या येतात, त्यातल्या जास्त गाड्यांची गोष्ट रिलेचीही नसते आणि डीसी-डीसीचीही नसते. लेड-अ‍ॅसिड पहिले ऐंशी टक्के भराभर घेते आणि शेवटचे वीस टक्के घ्यायला चार-पाच तास लावते, कारण बॅटरीच करंट घेईनाशी होते, तुम्ही मागून कितीही जोर लावा. पानशेतला जाऊन आलात, तीन तास गाडी चालली, तरी ती शंभरला पोचत नाही. म्हणून दर पंधरा दिवसांनी रात्रभर घरच्या चार्जरला लावायची. तीन स्टेजचा साधा दहा अँपिअरचा चार्जर. ज्यांनी हे केलं त्यांच्या बॅटऱ्या मी पाच वर्षं चाललेल्या बघितल्यात, रिले असो नाहीतर काही असो.

आणि फ्यूज! दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी जवळ, दोन्ही टोकांना. एकाच टोकाला फ्यूज टाकून लोक निवांत असतात. वायर मध्ये कुठे चॅसीला घासली तर दुसरीकडची बॅटरी पेटवते ना तिला. माझ्याकडे अशी एक गाडी आली होती, मागच्या सीटखालचं कार्पेट जळलेलं, मागे लहान मुलगी बसायची. मालकाला बोलता येत नव्हतं.

बावधन_4x4:
लिथियम टाका आणि सगळी चर्चा बंद करा. अर्धी राहिली तरी तिला काही होत नाही, उलट कायम शंभरवर ठेवू नका म्हणतात. तुमचा सल्फेटचा सगळा मुद्दाच संपला. वजन निम्म्याहून कमी, 100 एएच मधले 80-90 खरोखर वापरता येतात. तीन वर्षं वापरतोय.

ताम्हिणीकर:
सल्फेटबद्दल बरोबर आहे तुझं, नाइलाजाने म्हणतो. पण मग तुला डीसी-डीसी लागलाच ना? लिथियमला सरळ आल्टरनेटर जोडला की ती मिळेल तेवढा करंट ओढते, गाडी आयडलला, फॅन हळू, आल्टरनेटर भाजतो. आणि स्पितीला शून्याच्या खाली तिला चार्ज करायची नाही, बीएमएस (बॅटरीतलं संरक्षण सर्किट) चांगला असेल तर तो तोडेल, स्वस्तातली असेल तर सेल कायमचे खराब.

बावधन_4x4:
हो, डीसी-डीसी आहे. बॅटरी केबिनमध्ये आहे, बोनेटखाली नाही. पण तू "लेड-अ‍ॅसिड म्हणजेच दुसरी बॅटरी" असं धरून लिहिलंस, ते चुकलंच.

पाचवा_मजला:
वेल्हेवाली ताई, "घरच्या चार्जरला लावायची" हे तुम्ही किती सहज लिहिलंत. कुठे लावू? मी पाचव्या मजल्यावर राहतो, गाडी तळमजल्याच्या पार्किंगमध्ये. सर्वसाधारण सभेत दोनदा अर्ज दिला की माझ्या खर्चाने एक प्लग पॉइंट द्या, सबमीटर बसवा, दर महिन्याला पैसे देतो. उत्तर काय, तर "तुम्हाला दिलं की सगळे मागतील." हिशोब मांडला होता मी: 75 एएच अर्धी रिकामी असेल तर भरायला चार्जरमधला तोटा धरूनही पाऊण युनिट लागतं. पाऊण युनिट! दहा-पंधरा रुपये. त्याच सभेत गणपतीच्या मांडवाच्या लाइटवर पाच मिनिटांत सही झाली. मग मी बॅटरी काढून वर नेतो, वीस किलोच्या वर वजन, लिफ्ट बंद असली की जिन्याने. मागच्या महिन्यात पाठ धरली, चार दिवस झोपून होतो. बायको म्हणते गाडी विकून टाक.

माजी_सेक्रेटरी_वारजे:
मी सहा वर्षं सेक्रेटरी होतो म्हणून दुसरी बाजू सांगतो, आवडणार नाही. पार्किंगचे दिवे कॉमन मीटरवर असतात. त्यातून एकाने घेतलं, दुसऱ्याने घेतलं, मग एकाने वॉशिंग सेंटरसारखा पंपच लावला. आमच्याकडे एका साहेबांनी तिसऱ्या मजल्यावरून एक्स्टेंशन खाली सोडलं होतं, जुलै महिन्यात, बोर्ड पाण्यात, वितळून काळा झाला. खाली पोरं सायकल खेळतात. काही झालं असतं तर कागदावर सही माझी. तेव्हा कुठला बॅटरीवाला माझ्यासोबत पोलीस चौकीत आला असता सांगा.

पाचवा_मजला:
म्हणजे एकाने चूक केली म्हणून बाकीच्यांना रीतसर मागितलेलंही द्यायचं नाही? मी एक्स्टेंशन सोडलं नाही, अर्ज दिला! अर्ज देणाऱ्याला नाही म्हणायचं आणि मग लोक चोरून वायर सोडतात म्हणून ओरडायचं. तुमच्यासारख्या सेक्रेटरींमुळेच ती वायर खिडकीतून येते.

माजी_सेक्रेटरी_वारजे:
"तुमच्यासारख्या" म्हणजे काय? बिनपगारी काम केलंय सहा वर्षं, टाकीत उतरून व्हॉल्व्ह बघितलेत रात्री. नीट बोला.

जुनी_जिप्सी:
दोघंही थांबा. धागा बॅटरीचा आहे.

पाचवा_मजला:
काका, माझ्यासाठी हाच बॅटरीचा धागा आहे. इथे सगळे 13.3 आणि 14.2 वर भांडताय आणि अर्ध्या पुण्याची गाडी जिथे उभी असते तिथे प्लगच नाही.

वेल्हेवाली:
पाचवा मजला दादा, माझं चुकलं, मी स्वतःच्या अंगणाच्या हिशोबाने लिहिलं. एक मार्ग आहे, कॉमन मीटर मागूच नका. मीटर रूममध्ये तुमचा स्वतःचा मीटर असतो, तिथून तुमच्या पार्किंगपर्यंत वेगळी लाइन, पाइपातून, एमसीबी आणि आरसीसीबीसकट (जास्त करंट गेला किंवा गळती झाली की लाइन तोडणारे स्विच), लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनकडून. ईव्हीवाले असंच करून घेतात. युनिट तुमच्याच बिलात पडतं. सेक्रेटरी साहेब, अशा अर्जाला तुम्ही हो म्हणाला असता का?

माजी_सेक्रेटरी_वारजे:
लायसनवाल्याचं सर्टिफिकेट आणि आरसीसीबी असेल तर... हो, म्हणालो असतो. पण अर्जात हे लिहिलेलं असतं तर. "प्लग पॉइंट द्या" एवढंच लिहून आणतात.

पाचवा_मजला:
माझ्या अर्जात आरसीसीबी नव्हता, हे खरंय. परत देतो.

बावधन_4x4:
टपावर शंभर वॉटचं सोलर पॅनल टाक ना, दिवसाला 25-30 एएच येतात चांगल्या उन्हात.

पाचवा_मजला:
दादा, पार्किंग तळमजल्याला आहे. वर सहा मजल्यांचा स्लॅब.

ताम्हिणीकर:
मूळ मुद्द्यावर येतो. ताईंचं वाचून माझीही एक गोष्ट बदलली. मी डीसी-डीसी लावून आता सगळं मार्गी लागलं असं धरलं होतं. काल रात्रभर गाडी उभी ठेवून मोजलं तर 12.48. म्हणजे तेही पूर्ण भरत नव्हतं. आणि त्या नवीन पोरासाठी अजून एक: बीएस6 गाडीत मेन बॅटरीच्या निगेटिव्हवर सेन्सर असतो, दुसऱ्या बॅटरीची अर्थिंगची (निगेटिव्ह) वायर थेट त्या टर्मिनलला लावू नकोस, चॅसीला दे, नाहीतर ईसीयूचा हिशोब चुकतो. आणि डीसी-डीसी अशा ईसीयूच्या सांगण्यावर चालणाऱ्या, म्हणजे स्मार्ट आल्टरनेटरवर लावताना इग्निशनची ट्रिगर वायर (चावी चालू आहे हे चार्जरला कळवणारी) द्यायचीच, ती न देता बसवून देणारे आहेत पुण्यात.

काका, तुम्ही एकदा मोजा ना तुमची. गाडी बंद करून रात्रभर सोडा, दुसऱ्या बॅटरीची वायर काढून ठेवा, सकाळी मीटर लावा. 12.6 च्या वर आली तर मी इथेच लिहीन की माझं चुकलं.

जुनी_जिप्सी:
चौदा वर्षांत मला मीटर लावायची गरज पडली नाही. पण लावतो, तोंड बंद करायला.

जुनी_जिप्सी:
सकाळी सहाला मोजलं. मेन 12.64. दुसरी 12.21.

ताम्हिणीकर:
काका, म्हणजे निम्मी.

जुनी_जिप्सी:
कळतं मला. जिप्सी हल्ली रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंतच जाते, पूर्वीसारखी आठ-आठ तास चालत नाही, तिथे मार बसला असणार. दोन सेलमध्ये पाणी प्लेटच्या खाली होतं, प्लेट बुडेल एवढंच आत्ता टाकलंय, बाकीचं चार्ज झाल्यावर. पोराचा जुना चार्जर होता त्याला लावलीये. सोलेनॉइड काढणार नाही, हे लिहून ठेव.

ताम्हिणीकर:
नका काढू. जिप्सीला तोच बरा.

जुनी_जिप्सी:
सोळा तास झाले, अजून दोन अँपिअर घेतेय. असं वाटलं नव्हतं.

पाचवा_मजला:
काका, तुमच्याकडे अंगण दिसतंय. सोसायटीचं होईपर्यंत रविवारी माझी बॅटरी आणू का तुमच्याकडे?

जुनी_जिप्सी:
आण. सहकारनगरला आहे, बाकी मेसेज करतो. दहाच्या आत ये आणि गाडीसकट ये, पाठीवर ओझं नको परत. येताना डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घेऊन ये, माझ्याकडचं सगळं संपलं.