मदत हवी आहे : कवटीला टायटॅनियमची जाळी की पीकची (PEEK, एक मजबूत प्लास्टिक) प्लेट?

नमस्कार मंडळी. धाकट्या दिरांचा नवले पुलाजवळ बाइकचा अपघात झाला. मेंदूला सूज होती म्हणून डाव्या बाजूचं हाड काढावं लागलं. आता चालतात, बोलतात, चिडतातही. पण कानाच्या वर खड्डा आहे. आडवे झाले की ती जागा फुगते, उठून बसले की आत जाते. सासूबाई तिकडे बघतच नाहीत.

काढलेलं हाड पोटाच्या कातडीखाली ठेवून नंतर परत बसवतात, पण यांच्या हाडाचे तुकडेच झाले होते. म्हणून डॉक्टरांनी दोन पर्याय दिलेत: टायटॅनियमची जाळी, किंवा सीटी स्कॅनवरून मापात बनवलेली पीकची प्लेट. पीक बरंच महाग. टायटॅनियम असलं तरी एमआरआय होतो, फक्त त्या जागेचं चित्र थोडं बिघडतं, असं कळलं.

पुण्यात कुणी हे करून घेतलंय का? टायटॅनियम उन्हात तापल्यासारखं वाटतं का? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत प्लेटचा खर्च बसतो की फक्त ऑपरेशनचा? ससूनला आधी न्यूरोसर्जरीत दाखवायचं की प्लास्टिक सर्जरीत?

कृपया स्वतःचा किंवा घरातला अनुभव असेल तरच लिहा. घरगुती उपाय भरपूर ऐकून झालेत!