मदत हवी आहे: लेक डिस्ट्रिक्टमध्ये मोटारी नसलेले खडीचे सायकलरस्ते

भिजकी_चेन

मंडळी, ऑक्टोबरच्या हाफ-टर्मला (शाळेची सत्रामधली सुट्टी), म्हणजे महिन्याच्या अगदी शेवटी, तीन दिवस इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये सायकली घेऊन जायचं आहे. मुक्काम केझिकला, गाडीमागे रॅक आहे. दोन ग्रॅव्हल बाइक, म्हणजे खडीवर चालणाऱ्या रुंद टायरच्या (700×42, म्हणजे 42 मिमी रुंद टायर; ट्यूबलेस, आत ट्यूब नाही), एक हायब्रिड (700×35, ट्यूब) आणि अकरा वर्षांच्या मुलीची 24 इंची. डांबरी रस्त्यावर मोटारींच्या रांगेत मुलीला न्यायचं नाही. रोज 15 ते 25 किमी पुरे.

1. नकाशावर हिरव्या तुटक रेषांचं जाळं दिसतं. त्यातल्या कुठल्या वाटेवर सायकल चालते?
2. एनरडेलहून स्कार्थ गॅप ही खिंड ओलांडून बटरमिअरला उतरायचं, असा 'ग्रॅव्हल' मार्ग ॲप सुचवतंय. मुलीला झेपेल?
3. टायरमध्ये हवा किती ठेवावी, आणि सोबत काय काय घ्यावं?

कंटूरकाका

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. मुलीला नाही आणि तुम्हालाही नाही. स्कार्थ गॅप कायद्याने ब्रायडलवे (पायी, घोड्यावर आणि सायकलने जायची सार्वजनिक वाट) आहे, पण प्रत्यक्षात ती दगडांची पायवाट आहे. बराचसा भाग सायकल खांद्यावर घेऊन जावं लागेल. ॲपला फक्त 'सायकलला परवानगी आहे' एवढंच कळतं.

1968 च्या कंट्रीसाइड ॲक्टने इंग्लंड आणि वेल्समध्ये ब्रायडलवेवर सायकल चालवायचा हक्क दिला. अट अशी की पायी चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची. पब्लिक फूटपाथवर हा हक्क नाही. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशासंस्थेच्या 1:25,000 नकाशावर आखूड हिरव्या रेघा म्हणजे फूटपाथ, लांब हिरव्या रेघा म्हणजे ब्रायडलवे. केझिक आणि एनरडेलसाठी ओएल 4 शीट, विंडरमिअरसाठी ओएल 7. तुम्ही पाहताय त्या जाळ्यातला बराचसा भाग फूटपाथच निघेल.

तेव्हा हिरवा रंग परवानगी सांगतो, वाट कशी आहे ते सांगत नाही. त्यासाठी दोन गोष्टी बघा. हिरव्या रेघांखाली काळ्या दुहेरी रेषांचा रस्ता असेल तर तिथे बहुधा ट्रॅक्टर किंवा लाकडाचा ट्रक जाण्याइतकी रुंदी असते. नुसत्याच हिरव्या रेघा असतील तर जपून. मग कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, मोजा. एक चौकोन म्हणजे 1 किमी आणि डोंगराळ भागात दोन रेषांमध्ये 10 मीटर. किलोमीटरभरात दहा रेषा ओलांडल्या म्हणजे सरासरी 10 टक्के चढ, आणि सुट्या दगडांवर 24 इंची सायकलीला तेवढा पुष्कळ झाला.

रानवाट

काकांची चाळणी लावली की तुमच्यासाठी तीनच प्रकार उरतात: जुन्या रेल्वेचा मार्ग, जंगलखात्याचे रस्ते आणि तळ्याकाठचे ट्रॅक.

पहिल्या दिवशी केझिक ते थ्रेलकेल्ड. जाऊन-येऊन 10 किमी, सुरुवात जुन्या स्टेशनापासून. ही रेल्वे 1972 मध्ये बंद झाली. डिसेंबर 2015 च्या डेस्मंड वादळात इथले पूल वाहून गेले. त्या वेळी जवळच्या होनिस्टर खिंडीत 24 तासांत 341.4 मिमी पाऊस पडला होता. डिसेंबर 2020 मध्ये मार्ग पुन्हा खुला झाला. चढ रेल्वेचा, म्हणजे जाणवेल न जाणवेल इतका. वाटेत ग्रेटा नदीवरचे पूल आणि एक बोगदा आहे. मोटार एकही नाही, पण पायी फिरणारे आणि कुत्री भरपूर, म्हणून घंटी लावाच.

दुसऱ्या दिवशी एनरडेल. तळ्याच्या काठाने सार्वजनिक मोटाररस्ता नाही असं लेक डिस्ट्रिक्टमधलं हे एकच मोठं तळं. गाडी बोनेस नॉटच्या वाहनतळावर ठेवायची. तिथून फाटक ओलांडलं की उत्तर काठाने जंगलाचा रस्ता सुरू होतो, दाबून बसवलेल्या खडीचा. साडेतीन-चार किमीवर गिलरथ्वेट, तिथवर जवळपास सपाट. पुढे लायझा नदीच्या बाजूने ब्लॅक सेलच्या हॉस्टेलपर्यंत अजून सहाएक किमी, त्यात पावणेदोनशे मीटरच्या आसपास चढ आणि शेवटी खडी सुटी. मुलगी दमली तर गिलरथ्वेटहून मागे फिरा, दिवस वाया जात नाही. ब्लॅक सेलला चहा मिळेल या भरवशावर जाऊ नका, खाणं-पाणी सोबत हवंच.

तिसऱ्या दिवशी विंडरमिअरचा पश्चिम काठ. विंडरमिअरकाठच्या बोनेस गावातल्या (कालचं बोनेस नॉट वेगळं) फेरी नॅब धक्क्यावरून केबल फेरीने सायकलींसकट पलीकडे. उतरल्यावर थोडं रस्त्याने जाऊन उजवीकडे हॅरोस्लॅकच्या गल्लीत वळायचं. सुरुवातीला तुरळक गाड्या असतात, मग फाटक, आणि तिथून पुढे झाडीतला ट्रॅक बेल ग्रेंजवरून रे कॅसलपर्यंत. एका बाजूने साडेसहा किमीच्या आसपास. आल्या वाटेनेच परत या. बेल ग्रेंजला डावीकडे क्लेफ हाइट्सवर चढणारा ब्रायडलवे दिसेल, तो दगड रोवलेला आणि उभा आहे, तिकडे वळू नका. वारा फार असला की फेरी बंद ठेवतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करा.

खडीप्रेमी

थ्रेलकेल्डचा मार्ग ग्रॅव्हलमध्ये कसा काय बसवलात? दुरुस्तीनंतर तिथे डांबर टाकलंय. त्यापेक्षा ग्रिझडेलच्या जंगलात न्या.

रानवाट

डांबर आहे हे खरं, त्यावरून वादही झाला होता. पण प्रश्न मोटारी टाळण्याचा आहे. पहिल्या दिवशी गिअर-ब्रेक तपासायला यापेक्षा चांगली जागा नाही, आणि व्हीलचेअर किंवा बाबागाडीवाल्यांनाही तो जमतो. ग्रिझडेल छानच, पण तिथल्या जंगलरस्त्यांवर सतत चढ-उतार आहे. मोठ्यांना मजा येईल, मुलगी तासाभरात रुसेल. गेलात तर तिथल्या लाल खुणेच्या, म्हणजे अवघड, माउंटन बाइक ट्रेलवर या सायकली घालू नका.

पंक्चरपुराण

तिसरा प्रश्न माझा. इथली खडी बऱ्याच ठिकाणी स्लेटची. तिच्या कडा पातळ आणि धारदार, ओल्या झाल्या की रबर आणखी सहज कापतात. छिद्र टायरच्या मधोमध न पडता बगलेला चीर जाते, आणि तिथे सीलंट (टायरच्या आत ओतलेला, छिद्र बुजवणारा द्रव) हात टेकतं. म्हणून जुन्या टायरचा 5×3 सेंमीचा तुकडा ठेवा. चीर पडली की तो आतून लावायचा आणि ट्यूब टाकायची.

हवा, साधारण 75 किलोच्या माणसासाठी: 42 मिमी ट्यूबलेस पुढे 30, मागे 34 पीएसआय (पंपावर दिसणारं हवेच्या दाबाचं माप). 35 मिमी ट्यूब असेल तर पुढे 45, मागे 50. त्याखाली उतरू नका. जंगलरस्त्यांवर पावसाचं पाणी काढायला आडवे पाट असतात. त्यांच्या कडेवर कमी हवेचं चाक आपटलं की ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चेमटते आणि शेजारी-शेजारी दोन छिद्रं पडतात. मुलीच्या चाकात 25 ते 28 पुरे. सीलंट दर चाकाला 60 मिली. उन्हाळ्याआधी भरलं असेल तर वाळलं असेल, उघडून बघा.

सोबत: दोन्ही मापांच्या ट्यूब (24 इंची विसरतात!), ट्यूबलेस प्लग (छिद्रात खुपसायची रबरी पट्टी), पंप, चेनच्या स्पीडला जुळणारी क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), तुमच्याच फ्रेमचा डिरेलर हँगर (मागचा गिअर जिथे अडकवतात तो धातूचा तुकडा) आणि ब्रेक पॅडचा एक जोड. डिस्क ब्रेक असेल तर सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड लावा. ओल्या कचीत ऑरगॅनिक (मऊ, राळेचे) पॅड फार लवकर झिजतात. रिम ब्रेक असेल तर संध्याकाळी रिम आणि रबर पुसा, नाहीतर अडकलेले कण रिम खरवडतात. चेनला वेट ल्यूब, म्हणजे पावसात टिकणारं तेल.

भिजकी_चेन

सगळ्यांचे आभार! ॲपचा मार्ग पुसून टाकला. अजून एक: जंगलरस्त्यावर मोटारी नसतील याची खात्री किती? आणि दिवस किती वाजेपर्यंत असतो?

कंटूरकाका

खाजगी मोटारी नसतात. पण लाकडाचे ट्रक आणि हॉस्टेलची गाडी येऊ शकते. आंधळ्या वळणावर डावी बाजू सोडू नका. लार्चच्या झाडांवर रोग पडल्याने तोड चालू असते. रस्ता बंदचा फलक आणि टेप दिसली तर आज काम दिसत नाही म्हणून आत शिरू नका, वर रचलेले ओंडके घसरतात.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, त्यानंतर सूर्य पावणेपाचच्या आत-बाहेर मावळतो आणि दरीत त्याआधीच अंधारतं. दुपारी एकला परत फिरायचं असं ठरवा, दिवे चार्ज ठेवा. एनरडेलला मोबाइलला रेंज मिळेल असं धरू नका, नकाशा उतरवून घ्या.

फाटक जसं सापडलं तसं सोडायचं: बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. आणि मुलीला आधीच सांगा, गुरं अडवायच्या लोखंडी गजांवरून सायकल सरळ न्यायची, ब्रेक न दाबता, हँडल न वळवता. ओल्या गजांवर चाक तिरकं पडलं की माणूस खाली.